डॉकर, पॉडमॅन पुन्हा इन्स्टॉल केल्यावर जुना डेटा आडवा येतोय? डिलीट करण्याआधी हे वाचा

सर्व्हरवरून पॉडमॅन काढलं, पुन्हा टाकलं, पहिलीच कमांड दिली आणि स्क्रीनवर एक लांबलचक ओळ आली. तिचा मराठीत अर्थ साधारण असा: तुम्ही ओव्हरले हा ड्रायव्हर निवडला आहे, पण डेटाबेसमध्ये व्हीएफएस नोंदलेला आहे म्हणून तोच वापरतोय, हे सोडवायचं असेल तर लिबपॉडच्या लोकल फाइल्स डिलीट करा. आणि पुढे त्या फोल्डरचा पत्ताही दिलेला असतो.

ही ओळ दोनदा वाचा. सॉफ्टवेअर स्वतःच तुम्हाला एक फोल्डर उडवायला सांगतंय. सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, फोल्डर उडवला की एरर जाते. फक्त त्याच फोल्डरच्या आत 'व्हॉल्यूम्स' नावाचा आणखी एक फोल्डर असतो आणि तुमच्या इमिचमधले फोटो, नेक्स्टक्लाउडमधल्या फाइल्स किंवा दुकानाच्या हिशेबाचा डेटाबेस बहुतेक वेळा तिथेच असतो. एररसोबत तेही जातं. ट्रॅश नाही, रिसायकल बिन नाही.

डॉकर असो, पॉडमॅन असो की त्यांच्यावर बसणारं पोर्टेनर, रीइन्स्टॉल केल्यावर स्टोरेजची भांडणं का होतात आणि एकही फोटो न गमावता ती कशी सोडवायची, ते या लेखात बघू. एक गोष्ट आधीच सांगतो: कमांड्स इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमन लिपीत टाइप करायच्या. फोनवरून टर्मक्स वापरून सर्व्हरला जोडलेले असाल तरी सगळं असंच चालेल.

## अनइन्स्टॉल केलं होतं ना, मग हे जुनं कुठून आलं?

आपल्याला सवय फोनची. अँड्रॉइडवर अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं की त्याचा स्वतःचा खासगी डेटा त्याच्यासोबत जातो. पुन्हा टाकलं की अ‍ॅप नव्या नवरीसारखं येतं, लॉगिन विचारतं, परवानग्या मागतं. त्यामुळे "काहीतरी बिघडलंय, काढून पुन्हा टाकू" हा उपाय फोनवर बऱ्याचदा चालतो.

लिनक्स सर्व्हरवर हा हिशेब उलटा आहे. एपीटी किंवा डीएनएफ वापरून डॉकर काढलं की फक्त प्रोग्राम जातो. इमेजेस, कंटेनर्स, व्हॉल्यूम्स, नेटवर्क्स हे सगळं /व्हार/लिब/डॉकर या फोल्डरमध्ये जसंच्या तसं राहतं. डॉकरच्या अधिकृत माहितीतही हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पॉडमॅनचंही तसंच. रूट म्हणून चालवलं तर डेटा /व्हार/लिब/कंटेनर्स/स्टोरेज मध्ये, साध्या युजरने चालवलं तर त्याच्या होम फोल्डरमधल्या .लोकल/शेअर/कंटेनर्स/स्टोरेज मध्ये. शिवाय /ईटीसी मधल्या सेटिंगच्या फाइल्सही बहुधा तिथेच पडून असतात.

म्हणजे तुम्ही नवीन भाडेकरू आणलात, पण घरात आधीच्या भाडेकरूचं सामान तसंच आहे आणि कपाटांना त्याची कुलपं आहेत. भांडण होतं ते या कुलपांवरून.

कुलूप म्हणजे इथे स्टोरेज ड्रायव्हर. कंटेनरची इमेज ही एकावर एक ठेवलेल्या थरांची बनलेली असते. हे थर डिस्कवर कसे ठेवायचे आणि एकत्र करून कसे दाखवायचे, ते ड्रायव्हर ठरवतो. ओव्हरले2 थर वेगवेगळे ठेवून कर्नलच्या मदतीने एकत्र दाखवतो. व्हीएफएस सरळ प्रत्येक थरासाठी पूर्ण कॉपी काढतो, म्हणून तो कुठेही चालतो पण डिस्क भसाभस खातो. बीटीआरएफएस आणि झेडएफएस त्या त्या फाइल सिस्टिमची स्वतःची युक्ती वापरतात. एका ड्रायव्हरने ठेवलेले थर दुसऱ्याला वाचता येत नाहीत. आणि रीइन्स्टॉल करताना ड्रायव्हर नकळत बदलू शकतो, कारण मधल्या काळात कर्नल नवा झालेला असतो, व्हर्जन बदललेलं असतं किंवा तुम्ही दुसऱ्याच ठिकाणचं पॅकेज टाकलेलं असतं.

## काहीही करण्याआधी तीन ढीग

माझ्या मते या सगळ्या लेखातला हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबू. तुमच्या सर्व्हरवरचा कंटेनरचा डेटा तीन ढिगांत विभागा.

पहिला ढीग इमेजेसचा. पोस्टग्रेस, एनजिनएक्स, जेलीफिन या इमेजेस इंटरनेटवरून पुन्हा डाउनलोड होतात. गेल्या तर फक्त नेटचा डेटा आणि अर्धा तास जातो. अपवाद एकच: तुम्ही स्वतः बिल्ड केलेली आणि कुठेही अपलोड न केलेली इमेज. तिची डॉकरफाइल हाताशी नसेल तर 'डॉकर सेव्ह' किंवा 'पॉडमॅन सेव्ह' करून ती एका टार फाइलमध्ये काढून ठेवा.

दुसरा ढीग व्हॉल्यूम्सचा. हा सोन्याचा. चांगली बातमी ही की व्हॉल्यूमला स्टोरेज ड्रायव्हरशी काही देणंघेणं नसतं. तो डिस्कवरचा एक साधा फोल्डर आहे. डॉकरमध्ये /व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स च्या आत प्रत्येक व्हॉल्यूमच्या नावाचा फोल्डर आणि त्यात '_डेटा' नावाचा फोल्डर. डॉकर सुरूच होत नसेल तरी या फाइल्स साध्या कॉपी कमांडने बाहेर काढता येतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि डॉकर उठत नाही म्हणजे डेटा गेला असं समजून ते सगळं पुसून टाकतात. तुम्ही कंटेनरला थेट तुमच्या एखाद्या फोल्डरशी जोडलं असेल, ज्याला बाइंड माउंट म्हणतात, तर तो डेटा डॉकरच्या घराबाहेरच आहे आणि या भांडणात सुरक्षित आहे.

तिसरा ढीग फसवा आहे. कंटेनर चालू असताना त्याच्या आत लिहिलेल्या, पण कुठल्याही व्हॉल्यूममध्ये न गेलेल्या फाइल्स. कोणीतरी कंटेनरच्या आत शिरून सेटिंगची फाइल बदललेली असते, किंवा एखादं अ‍ॅप आपला डेटाबेस आतल्या आतच ठेवत असतं. हा डेटा कंटेनरच्या वरच्या थरात असतो, म्हणजे तो पूर्णपणे ड्रायव्हरवर अवलंबून. ड्रायव्हर बदलला की कंटेनरच दिसेनासा होतो. 'डॉकर डिफ' आणि कंटेनरचं नाव दिलं की त्या कंटेनरमध्ये काय काय बदललंय त्याची यादी मिळते, आणि 'डॉकर सीपी' वापरून हवी ती फाइल बाहेर काढता येते. यासाठी आधी जुन्या ड्रायव्हरवर परत जावं लागतं. ते कसं, ते पुढे आहे.

व्हॉल्यूम्समध्ये अजून एक खोच. व्हॉल्यूमची यादी काढली की काही नावं ओळखीची असतात आणि काही चौसष्ट अक्षरांची अगम्य बडबड. ती बडबड म्हणजे कचरा, असं समजू नका. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलच्या इमेजेसमध्ये व्हॉल्यूम आधीच जाहीर केलेला असतो, त्यामुळे तुम्ही नाव दिलं नाहीत तर डॉकर स्वतः असा निनावी व्हॉल्यूम बनवतं. म्हणजे अख्खा डेटाबेस त्या बडबडीत असू शकतो. डॉकर 23 पासून 'डॉकर व्हॉल्यूम प्रून' ही कमांड मुद्दाम नावाचे व्हॉल्यूम्स सोडते आणि वापरात नसलेले निनावीच उडवते. बहुतेकांसाठी हे सोयीचं, पण ज्याने पोस्टग्रेस नाव न देता चालवलंय त्याच्यासाठी नेमकं उलटं! प्रत्येक व्हॉल्यूम किती मोठा आहे ते 'सुडो डीयू -एसएच' ने बघा. दोन-चार जीबीचा निनावी व्हॉल्यूम दिसला तर आत डोकावल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता बॅकअप. आधी 'डीएफ -एच' ने जागा आहे का बघा. मग डॉकर थांबवा, आणि इथे दोन गोष्टी थांबवायच्या: डॉकर.सर्व्हिस आणि डॉकर.सॉकेट. फक्त सर्व्हिस थांबवली तर कोणीतरी डॉकरची कमांड देताच सॉकेट तिला पुन्हा उठवतो. डेटाबेस चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते, म्हणून ही काळजी. मग व्हॉल्यूम्सचा पूर्ण फोल्डर 'सुडो टार' ने, '--न्यूमेरिक-ओनर' हा पर्याय देऊन, दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवा. तो पर्याय यासाठी की फाइलचा मालक नावाने नाही तर आकड्याने नोंदला जावा. कंटेनरच्या आतला युजर 999 बाहेरच्या सर्व्हरवर भलत्याच नावाचा असू शकतो. आणि बॅकअप झाल्यावर 'टार -टीएफ' ने यादी काढून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

## पॉडमॅन: व्हीएफएस आणि ओव्हरलेचं भांडण

सुरुवातीच्या एररकडे परत येऊ. हे होतं कसं? साध्या युजरला, म्हणजे रूटलेस पद्धतीत, ओव्हरले थेट वापरायची सोय लिनक्स कर्नल 5.11 मध्ये आली. त्याआधी 'फ्यूज-ओव्हरलेएफएस' नावाचं वेगळं पॅकेज लागायचं, आणि ते नसलं तर पॉडमॅन गुपचूप व्हीएफएसवर जायचं. ही निवड ते आपल्या छोट्या डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवतं. नंतर तुम्ही सिस्टिम अपग्रेड केली, पॉडमॅन पुन्हा टाकलं, आता ओव्हरले उपलब्ध आहे. पण डेटाबेस म्हणतो व्हीएफएस. म्हणून तक्रार.

घाईत असाल तर सर्वात सोपा उपाय म्हणजे तक्रार मान्य करणं. होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/कंटेनर्स/स्टोरेज.कॉन्फ या फाइलमध्ये ड्रायव्हर म्हणून व्हीएफएस लिहा. मेसेज बंद, जुनं सगळं जागच्या जागी. डिस्क जास्त जाईल एवढंच. परीक्षेच्या आदल्या दिवशी हाच उपाय करा.

निवांत वेळ असेल तेव्हा खरं स्थलांतर करा. सगळे कंटेनर्स थांबवा. प्रत्येक व्हॉल्यूमसाठी 'पॉडमॅन व्हॉल्यूम एक्सपोर्ट', व्हॉल्यूमचं नाव, आणि '--आउटपुट' लिहून टार फाइलचं नाव. कंटेनर कोणत्या पर्यायांनी चालवला होता ते आठवत नसेल तर 'पॉडमॅन इन्स्पेक्ट' चं आउटपुट एका फाइलमध्ये साठवून ठेवा, नंतर देवासारखं उपयोगी पडतं. मग 'पॉडमॅन सिस्टिम रीसेट'. ही कमांड पॉड्स, कंटेनर्स, इमेजेस, नेटवर्क्स आणि व्हॉल्यूम्स सगळं पुसते, आणि पुसण्याआधी तशी यादी दाखवून विचारते. ती यादी वाचा. मग 'पॉडमॅन इन्फो' मध्ये ड्रायव्हर ओव्हरले दिसतोय याची खात्री करा, त्याच नावाचा व्हॉल्यूम 'पॉडमॅन व्हॉल्यूम क्रिएट' ने बनवा आणि 'पॉडमॅन व्हॉल्यूम इम्पोर्ट' ने टार आत भरा.

क्रम महत्त्वाचा आहे. स्टोरेज.कॉन्फ मध्ये ड्रायव्हर बदलायचा असेल तर तो रीसेटच्या नंतर बदला. आधी बदलला तर रीसेटला जुनं घर नीट सापडत नाही आणि अर्धं सामान मागे राहतं.

साधी कॉपी न करता एक्सपोर्ट का करायचं? रूटलेस पॉडमॅनमध्ये आतले युजर आकडे बाहेर वेगळे दिसतात. तुमच्या युजरला /ईटीसी/सबयूआयडी मध्ये 100000 पासून आकडे दिलेले असतील, तर कंटेनरमधला पोस्टग्रेसचा युजर 999 बाहेर 100998 म्हणून दिसतो. साध्या कॉपीत हा बाहेरचा आकडा जातो. नव्या सर्व्हरवर तुमच्या युजरला वेगळे आकडे मिळाले की पोस्टग्रेस म्हणतं, हा फोल्डर माझा नाही. एक्सपोर्टच्या टारमध्ये आतला आकडा जातो, म्हणून हा घोळ होत नाही. याच कारणाने त्या फोल्डरवर साधी 'आरएम' चालवली तर परवानगी नाही असं उत्तर येतं, आणि लोक लगेच पुढे 'सुडो' लावतात. तिथे हात आखडता घ्या. गरजच पडली तर 'पॉडमॅन अनशेअर' लावून मग कमांड द्या, म्हणजे तुम्ही पॉडमॅनच्या नजरेने त्या फाइल्स बघता.

## डॉकर: एकाच सर्व्हरवर दोन डॉकर

उबुंटू सर्व्हर इन्स्टॉल करताना शेवटी स्नॅप पॅकेजेसची यादी येते आणि त्यात डॉकर असतं. बरेच जण टिक करतात, विसरतात, आणि नंतर एखादा व्हिडिओ बघून डॉकरच्या अधिकृत रिपॉझिटरीतून पुन्हा डॉकर टाकतात. आता दोन डॉकर झाले. स्नॅपवाल्याचा डेटा /व्हार/स्नॅप/डॉकर/कॉमन/व्हार-लिब-डॉकर मध्ये, एपीटीवाल्याचा /व्हार/लिब/डॉकर मध्ये. एकमेकांचे व्हॉल्यूम्स त्यांना दिसत नाहीत. सर्व्हर रीस्टार्ट झाला की ज्याचा सॉकेट लागतो त्याचे कंटेनर्स दिसतात. काल रात्री चालू असलेलं सगळं सकाळी गायब! घाम फुटतो तो इथेच.

माझ्या एका मित्राच्या घरी जुन्या लॅपटॉपवर इमिच चालतं. आईबाबांच्या दोन्ही फोनमधले फोटो त्यात, आणि फोनमधून ते केव्हाच डिलीट केलेले. एका सकाळी वेब पेज उघडलं तर "नवीन अ‍ॅडमिन तयार करा" असं आलं. त्याने ते बटण न दाबता मला स्क्रीनशॉट पाठवला. 'व्हिच -ए डॉकर' आणि 'स्नॅप लिस्ट' या दोन कमांड्समध्ये उत्तर मिळालं: दोन डॉकर. फोटो स्नॅपच्या घरात सुखरूप होते.

अशा वेळी कोणता डॉकर ठेवायचा ते ठरवा. मी एपीटीवाला ठेवतो, कारण स्नॅपवाल्याला होम फोल्डरबाहेरच्या फाइल्स वापरताना बंधनं येतात आणि वेगळ्या डिस्कवर डेटा ठेवणाऱ्याला ती जाचतात. मग दोन्ही थांबवा. स्नॅपच्या व्हॉल्यूम्सचा टार काढा. फक्त एपीटीवाला सुरू करून त्याच नावाचे रिकामे व्हॉल्यूम्स 'डॉकर व्हॉल्यूम क्रिएट' ने बनवा, आणि '_डेटा' मधला माल 'सुडो सीपी -ए' ने हलवा. सगळं चालतंय, फोटो उघडतायत हे बघितल्यावरच 'सुडो स्नॅप रिमूव्ह डॉकर'. स्नॅप काढताना सिस्टिम आपोआप एक स्नॅपशॉट घेते आणि तो 31 दिवस ठेवते, 'स्नॅप सेव्हड' ने दिसतो. '--पर्ज' लावलं तर तो घेतला जात नाही. मात्र या जाळीच्या भरवशावर उडी मारायची नाही, स्वतःचा टार हवाच.

दुसरा प्रकार: डॉकर सुरूच होत नाही, आणि 'सुडो जर्नलसीटीएल -यू डॉकर' मध्ये दिसतं की /व्हार/लिब/डॉकर मध्ये एकापेक्षा जास्त ग्राफड्रायव्हर सापडले, साफ करा किंवा एक निवडा. प्रॉक्समॉक्सवर एलएक्ससीमध्ये डॉकर चालवणाऱ्यांना हे भेटतं, आधी फ्यूज-ओव्हरलेएफएस होतं आणि आता ओव्हरले2. इथेही मेसेजमध्ये 'साफ करा' आधी आहे, आपण 'निवडा' कडे जायचं. कोणता निवडायचा? /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स मध्ये प्रत्येक कंटेनरची कॉन्फिग.व्ही2.जेसन फाइल असते आणि तिच्यात त्या कंटेनरचा ड्रायव्हर लिहिलेला असतो. 'ग्रेप' मारून बघा. जो तुमच्या कामाच्या कंटेनरचा आहे तो /ईटीसी/डॉकर/डेमन.जेसन मध्ये 'स्टोरेज-ड्रायव्हर' म्हणून लिहा आणि डॉकर सुरू करा. तिसऱ्या ढिगातला डेटा काढायला जुन्या ड्रायव्हरवर परत जायचं तेही असंच. फक्त डॉकर 24 मधून ऑफएस आणि 25 मधून डिव्हाइसमॅपर हे जुने ड्रायव्हर काढून टाकलेत. सर्व्हर इतका जुना असेल तर अपग्रेडच्या आधीच सामान बाहेर काढा.

तिसरा प्रकार नवा आहे. 2025 च्या शेवटी आलेल्या डॉकर 29 पासून कोऱ्या इन्स्टॉलमध्ये इमेजेस कंटेनरडीच्या स्टोअरमध्ये, म्हणजे /व्हार/लिब/कंटेनरडी मध्ये जातात. जुन्यावरून अपग्रेड केलं तर जुनीच पद्धत चालू राहते. त्यामुळे दोन सर्व्हरवर एकच व्हर्जन असूनही डेटा वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतो. 'डॉकर इन्फो' मध्ये स्टोरेज ड्रायव्हर 'ओव्हरले2' दिसला तर जुनी पद्धत, 'ओव्हरलेएफएस' आणि खाली स्नॅपशॉटरचा उल्लेख दिसला तर नवी. एकातून दुसऱ्यात गेलात की आधीच्या इमेजेस आणि कंटेनर्स लपतात, पुसल्या जात नाहीत. डेमन.जेसन मध्ये 'डेटा-रूट' देऊन सगळं मोठ्या डिस्कवर हलवलंय असं समजत असाल, तर हेही लक्षात घ्या की नव्या पद्धतीत इमेजेस त्या सेटिंगला जुमानत नाहीत. मुख्य डिस्क भरतच राहते.

डेटा-रूटवरून आठवलं. डेटा बाहेरच्या डिस्कवर असेल आणि बूट होताना ती डिस्क माउंट झाली नाही, तर डॉकर त्याच पत्त्यावर रिकामा फोल्डर धरून कोरं घर मांडतं. सगळं गेल्यासारखं दिसतं. असं दिसलं की आधी 'एलएसबीएलके' बघा. पुन्हा होऊ नये म्हणून डॉकरच्या सिस्टिमडी सर्व्हिसमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही ओळ टाकून तो पत्ता द्या, मग डिस्क आल्याशिवाय डॉकर उठणार नाही.

## पोर्टेनर: पासवर्ड चुकीचा कसा?

पोर्टेनर पुन्हा टाकताना पहिली अडचण म्हणजे हे नाव आधीच वापरात आहे अशी एरर. जुना कंटेनर थांबवून काढा, त्याने काही बिघडत नाही. दुसरी अडचण: नवीन टाकलं तरी नवीन अ‍ॅडमिन बनवायचं पान येत नाही, जुनाच पासवर्ड मागतं. कारण 'पोर्टेनर_डेटा' हा व्हॉल्यूम तसाच आहे. पासवर्ड विसरलात तर व्हॉल्यूम उडवण्याची गरज नाही. पोर्टेनरचा कंटेनर थांबवा आणि त्यांचीच 'हेल्पर-रीसेट-पासवर्ड' ही इमेज त्या व्हॉल्यूमवर चालवा, नवा पासवर्ड स्क्रीनवर छापून येतो.

व्हॉल्यूम उडवला तर काय होतं? तुमचे बाकीचे कंटेनर्स चालूच राहतात, म्हणून लोकांना वाटतं काही गेलं नाही. पण पोर्टेनरमध्ये लिहिलेल्या स्टॅक्सच्या कंपोझ फाइल्स त्याच व्हॉल्यूममध्ये 'कंपोझ' फोल्डरात असतात. नंतर ते स्टॅक्स "पोर्टेनरच्या बाहेर बनवलेले" म्हणून दिसतात आणि एडिट करता येत नाहीत. आणि कोरं पोर्टेनर टाकलंच, तर पाच मिनिटांत अ‍ॅडमिन बनवा, नाहीतर ते सुरक्षेसाठी स्वतःला बंद करून घेतं. तसं झालं तर कंटेनर रीस्टार्ट करायचा, एवढंच.

## कंपोझमध्ये फोल्डरचं नाव बदललं तरी

हे स्टोरेजचं भांडण वाटत नाही, पण "रीइन्स्टॉल केल्यावर डेटा गेला" अशा तक्रारींमागे अनेकदा हेच असतं. कंपोझ फाइलमध्ये व्हॉल्यूमचं नाव 'डीबी' असेल आणि फाइल 'फोटो' नावाच्या फोल्डरमध्ये असेल, तर खरा व्हॉल्यूम 'फोटो_डीबी' बनतो. सर्व्हर नीटनेटका करायच्या नादात फोल्डरचं नाव 'इमिच' केलंत की कंपोझ 'इमिच_डीबी' असा नवाकोरा व्हॉल्यूम बनवतं. जुना तिथेच आहे, फक्त कोणी विचारत नाही. फाइलच्या सुरुवातीला 'नेम' लिहून प्रोजेक्टचं जुनं नाव कायम करा, किंवा व्हॉल्यूमखाली खरं नाव देऊन 'एक्स्टर्नल: ट्रू' लिहा. हाताने बनवलेल्या व्हॉल्यूमवर कंपोझ जो इशारा देतं, तोही याच ओळीने थांबतो.

आणि पोस्टग्रेस. जुना व्हॉल्यूम जोडून नवी इमेज चालवली की ते म्हणतं डेटा 15 ने बनवलाय आणि मी 16 आहे, चालणार नाही. डेटा ठीक आहे. इमेजचा टॅग पुन्हा 15 करा, 'पीजी_डंप' ने डेटा काढा, मग 16 च्या नव्या व्हॉल्यूममध्ये भरा. कंपोझमध्ये 'लेटेस्ट' टॅग लिहिणाऱ्यांना हे हमखास भेटतं. तसंच, व्हॉल्यूममध्ये आधीच डेटा असेल तर फाइलमध्ये बदललेला पासवर्ड पोस्टग्रेस बघतसुद्धा नाही, जुनाच चालतो.

## आता जुनं काढायचं

सगळं नव्या घरात चालू झालं, फोटो उघडले, लॉगिन झालं, सर्व्हर एकदा रीस्टार्ट करूनही टिकलं, मगच सफाई. मी जुना फोल्डर लगेच डिलीट करत नाही. जागा असेल तर डॉकर थांबवून त्याचं नाव बदलतो, उदाहरणार्थ /व्हार/लिब/डॉकर-जुनं, आणि दोन आठवडे तसाच ठेवतो. कुठल्यातरी कंटेनरला त्याची गरज असेल तर ती तेवढ्यात कळते.

डॉकर खरंच मुळापासून काढायचं असेल तर /व्हार/लिब/डॉकर सोबत /व्हार/लिब/कंटेनरडी सुद्धा काढावं लागतं, नाहीतर 'डीएफ -एच' मध्ये जागा मोकळी झालेली दिसणार नाही. त्याच सर्व्हरवर के3एस चालत असेल तर काळजी नको, त्याचा कंटेनरडी वेगळ्या फोल्डरात असतो. पण क्यूबएडीएमने टाकलेलं कुबर्नेटीस बहुधा हाच /व्हार/लिब/कंटेनरडी वापरतं. तिथे 'आरएम -आरएफ' च्या आधी 'सुडो सीटीआर नेमस्पेसेस एलएस' चालवा. यादीत 'मोबी' म्हणजे डॉकरचं सामान, आणि 'के8एस.आयओ' दिसलं तर त्या फोल्डरला हात लावू नका.